चिंच ‘इंडिका’, तूर मात्र नाही

अकरावीच्या जीवशास्त्रात सजीवांची शास्त्रीय नावे कशी लिहायची हे शिकवताना सुरुवातीलाच आंबा येतो : मँजिफेरा इंडिका. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. छापताना अक्षर तिरपे, हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातुरात आणि नांदेडात खोल्या करून राहणाऱ्या मुलामुलींना हे नाव झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. त्यातल्या ‘इंडिका’चा अर्थ विचारला तर ‘भारतीय’ असे उत्तर मिळते, आणि ते चूक नाही. पण वर्गातून शिवारात गेले की प्रश्न सुरू होतात. बांधावरची चिंच इंडिका, कडुनिंब इंडिका, तीळ मात्र इंडिकम, आणि औताला जुंपलेला बैल इंडिकस. एकच विशेषण तीन रूपे का घेते? आणि ज्या तुरीच्या व्यापारावर लातूरच्या मोंढ्याचे आणि डाळमिलांचे बरेचसे चालते, जी भारतातच प्रथम लागवडीत आली असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, तिच्या नावात हे विशेषण नाही. आफ्रिकेतून आलेल्या चिंचेच्या नावात मात्र आहे, हे कसे? पुढील पानांचा विषय हे एवढे एकच लॅटिन विशेषण आहे. माझे म्हणणे असे की, त्याचे रूप शेजारच्या नामावरून ठरते आणि त्याचा अर्थ नाव देणाऱ्या माणसाच्या ठावठिकाण्यावरून. झाडाच्या किंवा जनावराच्या जन्मभूमीचा दाखला म्हणून ते वाचले तर फसगत होते. त्या वस्तूला पाहणाऱ्यांचा, नेणाऱ्यांचा आणि विकणाऱ्यांचा इतिहास म्हणून वाचले तर त्यातून बरेच हाती लागते.

रूपांचा भाग मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा सोपा जायला हवा. इंग्रजीत विशेषण हलत नाही. मराठीत ‘काळा बैल, काळी गाय, काळे वासरू’ हे मूल बोलू लागल्यापासून जमते, आणि पुढे शाळेत त्याला ‘विकारी विशेषण’ असे नाव मिळते. लॅटिनमध्ये नेमके तेच घडते : इंडिकस पुल्लिंगी, इंडिका स्त्रीलिंगी, इंडिकम नपुंसकलिंगी. संस्कृत शिकलेल्याने ‘नवः, नवा, नवम्’ आणि लॅटिनमधले ‘नोवुस, नोवा, नोवुम’ शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींचा अर्थ ‘नवा’ आणि साम्य योगायोगाचे नाही, कारण दोन्ही भाषांनी ही ठेवण एकाच पूर्वजाकडून घेतली. मराठीत या ठेवणीची झीज झाली. आपल्याकडे विभक्ती नामाला लागते आणि विशेषण ‘काळ्या’ एवढ्या एका सामान्यरूपावर भागवते : काळ्या बैलाला, काळ्या गायीने. लॅटिन विशेषण मात्र नामाबरोबर सगळ्या विभक्तींतून फिरते. सहा विभक्ती, दोन वचने, तीन लिंगे मिळून छत्तीस घरे भरावी लागतात, मग त्यांतली कित्येक रूपे सारखी का असेनात. शास्त्रीय नावाचे काम प्रथमेच्या एकवचनावर भागत असल्याने विद्यार्थ्याच्या वाट्याला छत्तीसपैकी तीनच येतात. बाकीची घरे नव्या वनस्पतींच्या लॅटिन वर्णनांत लागत. ते वर्णन लॅटिनमध्येच असण्याची सक्ती २०११ च्या अखेरीपर्यंत होती. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी वर्णनही चालते.

हे लिंग वनस्पतीचे नसून प्रजातीच्या नावाचे असते, हे एकदा ध्यानात आले की बऱ्याच गोष्टी सुटतात. सिसॅमम हे नाम नपुंसकलिंगी, म्हणून तीळ इंडिकम. गॉसिपियम, म्हणजे कापूस, हेही नपुंसकलिंगी. म्हणून नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेला एनएचएच ४४ हा संकरित वाण ज्या अमेरिकी जातीतला आहे तिचे विशेषण ‘हिर्सुटम’, म्हणजे केसाळ, आणि आपल्या देशी कापसाचे ‘आर्बोरियम’, म्हणजे झाडासारखा. विसाव्या शतकाच्या मध्यास या देशी कापसाचे वंशगट पाडले गेले तेव्हा पश्चिम भारत आणि दख्खनकडच्या गटाला ‘इंडिकम’ हेच नाव मिळाले. खरी गंमत झाडांच्या नावांत आहे. रोमन लोक झाडांना स्त्रिया मानत. शब्दाचा शेवट पुरुषी दिसला तरी व्याकरण स्त्रीलिंगाचे. म्हणून पिंपळ फिकस ‘रिलिजिओसा’ होतो, ‘रिलिजिओसस’ होत नाही, आणि बोर झिझिफस ‘मॉरिशियाना’. टॅमरिंडस हा शब्द तर प्राचीन लॅटिनमधला नव्हेच, मध्ययुगात अरबीतून आलेला. तरीही वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला जुन्या रिवाजाप्रमाणे झाडांच्या पंगतीला बसवले आणि चिंच टॅमरिंडस इंडिका झाली. मराठीत आंबा, वड, पिंपळ, कडुनिंब हे सगळे पुरुष आणि चिंच, बाभूळ, बोर या बायका. रोमन माणसाला ही वाटणी चमत्कारिक वाटली असती. आपल्याला त्याची वाटते, तेवढीच.

प्रजाती बदलली की शेपूट बदलते. कुंपणाकाठी उगवणारी, पिवळ्या फुलांची आणि चक्रासारख्या फळांची मुद्रा किंवा पेटारी लिनिअसने सिडा इंडिका म्हणून नोंदवली. पुढे ती दुसऱ्या प्रजातीत गेली आणि अब्युटिलॉन इंडिकम झाली. अनंतमूळ त्याने पेरिप्लोका इंडिका म्हटले होते. आज ते हेमिडेस्मस इंडिकस आहे. एकच वेल, कालपर्यंत स्त्रीलिंगी आणि आज पुल्लिंगी; मुळांचा वास तसाच. याच नियमाचा अपवाद वाटावा असे एक नाव आहे आणि ते नियम उलट पक्का करते. फड्या निवडुंगातल्या एका प्रसिद्ध मेक्सिकन जातीला लिनिअसने कॅक्टस फिकस-इंडिका म्हटले. कॅक्टस पुल्लिंगी, मग इंडिकस का नाही? कारण इथे इंडिका हे विशेषण कॅक्टसचे नाहीच, ते जोडशब्दातल्या फिकसचे आहे, आणि फिकस, म्हणजे अंजीर, स्त्रीलिंगी. ‘भारतीय अंजीर’ हा अख्खा जोडशब्द नाम म्हणून कॅक्टसशेजारी ठेवलेला आहे. आणखी एक गट ठिकाणांच्या नावांवरून ‘एन्सिस’ प्रत्यय लावून होतो. तिथे पुल्लिंग-स्त्रीलिंगाचे रूप एकच आणि नपुंसकलिंगाचे ‘एन्से’ : वड फिकस बेंगालेन्सिस, पण लांब धाग्याचा एक कापूस गॉसिपियम बार्बाडेन्से. मराठीत कंधारी, सोलापुरी, नागपुरी ही विशेषणे जशी बैल-गाय-वासरू तिघांनाही एकाच रूपात चालतात, तसाच काहीसा हा प्रकार.

आता अर्थ. इंडिकस हा शब्द रोममध्ये जन्मला असला तरी त्याचे पाणी सिंधूचे. संस्कृतातला ‘स’ इराणी भाषांत ‘ह’ झाला आणि सिंधूचा हिंदु झाला. आयोनियन ग्रीकांना आरंभीचा ‘ह’ नको होता, म्हणून नदी इंडोस झाली, तिच्यापलीकडचा मुलूख इंडिया आणि तिकडचे ते ‘इंडिकोस’. लॅटिनने ते इंडिकस म्हणून घेतले. त्याच नदीवरून संस्कृतानेही स्वतःचे विशेषण बनवले होते : सैंधव. ते सिंधच्या मिठाला आणि घोड्याला चिकटून राहिले. उपवासाच्या दिवशी वापरायचे सैंधव आणि मँजिफेरा इंडिकामधले इंडिका हे अर्थाने सख्खे चुलत. एकाच्या वाट्याला मीठ आले, दुसऱ्याच्या वाट्याला अर्धे जग. कारण रोमन व्यापाऱ्याला सिंधू ठाऊक असण्याची गरज नव्हती. माल त्या दिशेच्या जहाजातून उतरला की तो इंडिकस. नपुंसकलिंगी ‘इंडिकम’ तर विशेषणाचे नाम होऊन बसले आणि त्याचा अर्थ झाला नीळ, कारण तिकडून येणारी ‘ती वस्तू’ म्हणजे निळा रंग. यातूनच युरोपीय भाषांतला ‘इंडिगो’ निघाला, आणि १८६३ मध्ये जर्मनीत एका नव्या मूलद्रव्याच्या वर्णपटात गडद निळी रेघ दिसली तेव्हा त्याचे नाव इंडियम पडले. म्हणजे मोबाइलच्या पडद्यात वापरल्या जाणाऱ्या या धातूच्या नावात सिंधू आहे, पण भारत नाही.

हा व्यापार आपल्या भागापासून दूरचा होता असे समजू नये. लातूरपासून फारसे लांब नसलेले तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर या दोन्ही गावांचा उल्लेख आहे. तगरचे कापड गाड्यांत भरून, जिथे वाट नाही अशा मुलखातून, भडोच बंदरात जाई असे ती सांगते. भूमध्य समुद्राकाठी ते पोचले की ग्राहकाच्या लेखी ते तगरचेही नव्हते आणि दख्खनचेही नव्हते. ते ‘इंडियाकडचे’ होते. विशेषणाचा अर्थ गिऱ्हाइकाच्या बाजूने ठरतो, हे इथेच दिसते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस कोलंबसाने पश्चिमेकडची बेटे पाहून आपण इंडियाला पोचलो असे मानल्यावर हा अर्थ आणखी सैल झाला. युरोपात पूर्वेकडची इंडिया आणि पश्चिमेकडची इंडिया अशा दोन झाल्या आणि विशेषण मात्र एकच राहिले. म्हणून अमेरिकेतून आलेली कर्दळ कॅना इंडिका, आणि मघाशी आलेला मेक्सिकोचा निवडुंग ‘भारतीय अंजीर’. १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लांटारम’ लिहिताना लिनिअस स्वीडनमध्ये बसलेला होता; भारतात तो कधी आला नाही. त्याच्यासमोर होते श्रीलंकेहून आलेले वाळलेले नमुने, आणि १६७८ ते १६९३ दरम्यान ॲमस्टरडॅमला छापला गेलेला बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’, ज्याला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी वैद्यांचा मोठा हातभार होता. त्याची ‘इंडिया’ किनाऱ्याची होती. बालाघाटाच्या डोंगरावरची किंवा मांजरा-गोदावरीच्या खोऱ्यातली काळी जमीन त्याच्या नकाशात नव्हतीच.

चिंच आणि तूर ही जोडी या सगळ्याची कसोटी आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो. चिंचेचे झाड मुळात उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेचे. भारतात ते इतक्या पूर्वी आले की संस्कृतात त्याला स्वतःची नावे मिळाली, आणि आज पाराच्या पिंपळाइतकेच ते गावाचे वाटते. अरब व्यापाऱ्यांनी वाळवलेली चिंच भारताच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे नेली आणि तिला म्हटले ‘तमर हिंदी’, हिंदचा खजूर. युरोपने हे दोन शब्द एकत्र गिळून टॅमरिंडस केले. आत हिंद आहे हे तो विसरूनही गेला. मग लिनिअसने त्याला पुन्हा इंडिका जोडले. नाव आता शब्दशः ‘भारतीय हिंदी खजूर’ असे होते : दोनदा भारतीय, एकदाही आफ्रिकी नाही, आणि खजूर तर नाहीच. तुरीचे नेमके उलटे झाले. तिचा रानटी पूर्वज मानली जाणारी जात ओडिशा आणि बस्तरच्या बाजूला सापडते. ‘हॉर्टस मलबारिकस’मध्ये तिचे चित्र ‘थोरा’ या मल्याळी नावाने आहे, आणि ते आपल्या तुरीच्या किती जवळचे आहे हे सांगायला नको. लिनिअसने मात्र तिला सायटिसस कजान म्हटले. ‘कजान’ हा शब्द मलायी भाषेतल्या शेंगवर्गीय दाण्याच्या नावावरून आलेला. १८२६ मध्ये स्प्रेंगेलने कजानस इंडिकस असे नाव दिले आणि ते शेतीच्या पुस्तकांत बराच काळ चालले. पण ज्याने आधी नाव दिले त्याचा शब्द टिकतो, असा वनस्पतिशास्त्राचा नियम आहे. त्यामुळे ‘कजान’ परत आला आणि आज पाटणचेरूच्या संशोधन संस्थेपासून बाजारसमितीच्या पत्रकापर्यंत तूर म्हणजे कजानस कजान. इथे दुसरा शब्द विशेषण नाही, नाम आहे. म्हणून तो लिंगाप्रमाणे बदलतही नाही. मूळ इथली, पण दोन्ही शब्द मलायी, आणि ‘भारतीय’ हा शब्द कायद्याने काढून घेतलेला. तोंडल्याचीही अशीच गत झाली. जुन्या पुस्तकांतली कॉक्सिनिया इंडिका आता कॉक्सिनिया ग्रँडिस. किनवट-माहूरच्या रानातला मोह मधुका इंडिका होता, त्यालाही आता दुसऱ्या नावाखाली घालतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, मी सोयीची उदाहरणे निवडली. आंबा भारत आणि म्यानमारच्या पट्ट्यातलाच. तो मँजिफेरा इंडिका. तिळाचे जळके दाणे हडप्पाच्या उत्खननात मिळाले आहेत. तो सिसॅमम इंडिकम. कडुनिंबही याच बाजूचा. मग इंडिका म्हणजे भारताचे, हा साधा अर्थ इतक्या ठिकाणी जुळत असताना चार अपवादांवरून तो का टाकायचा? जुळणाऱ्या उदाहरणांची संख्या इथे काही सिद्ध करत नाही, हे याचे उत्तर. माल भारतातून आला आणि झाडही भारताचे, असे जिथे घडते तिथे ‘जन्मभूमी’ आणि ‘वाट’ हे दोन्ही अर्थ सारखेच बसतात. त्या उदाहरणांवरून कोणता अर्थ खरा ते कळत नाही. निकाल लागतो तो जिथे दोन्ही फुटतात तिथे, म्हणजे चिंच, कर्दळ आणि निवडुंग यांच्यापाशी, आणि तिथे प्रत्येक वेळी वाटेचा अर्थ टिकतो. शिवाय जुळणारी उदाहरणेही बारकाईने पाहिली तर तितकी साधी नाहीत. तिळाची लिनिअसने त्याच ग्रंथात ‘ओरिएंटाले’, म्हणजे पूर्वेकडचा, अशी दुसरी जातही मांडली होती. आज दोन्ही एकच मानतात. म्हणजे ‘भारताचा’ आणि ‘पूर्वेचा’ यांत त्याला फार फरक वाटत नव्हता. कडुनिंबाला त्याने इंडिका म्हटलेच नव्हते. तो मेलिया अझाडिरॅक्टा होता, आणि अझाडिरॅक्टा हा शब्द फारसीतल्या ‘आझाद दरख्त’वरून आलेला. एकोणिसाव्या शतकात ज्युसिअने त्याची वेगळी प्रजाती केली, अझाडिरॅक्टा हे प्रजातीचे नाव झाले आणि दुसरी जागा मोकळी पडली, तिथे इंडिका आला. उलट वड आणि बोर यांच्यापाशी पाहावे : मराठवाड्यातल्या गावोगावच्या वडाला शास्त्राने बंगालचा ठरवले आणि बोराला मॉरिशसचे, कारण नाव देणाऱ्यांच्या कागदांत ती तिथून आली. बोराच्या बाबतीत तो लामार्क होता, १७८९ मध्ये.

हे सगळे युरोपियांचे अज्ञान, आपल्या भाषेत असे होत नाही, असा दुसरा एक समज असतो. मोंढ्यात ज्याला काबुली हरभरा म्हणतात तो काबूलमध्ये जन्मला नाही. हरभऱ्याचे मूळ स्थान आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात मानले जाते आणि हा पांढरा टपोरा प्रकार अफगाणिस्तानच्या वाटेने इकडे आला, म्हणून काबुली. विलायती चिंच तर चिंचही नव्हे आणि विलायतेची तर मुळीच नव्हे, ती मेक्सिकोकडची. (शास्त्रात ती आधी मिमोसा डल्सिस होती, मग पिथेसेलोबियम डल्से झाली, गोड या अर्थाचे विशेषण स्त्रीलिंगातून नपुंसकलिंगात गेले.) पाहणाऱ्याच्या दाराशी ती ज्या दिशेने आली ती दिशा तिचे आडनाव झाली. जनावरांत हा प्रकार आणखी जवळून दिसतो. लिनिअसने १७५८ मध्ये वशिंड असलेल्या गोवंशाला बॉस इंडिकस म्हटले. बॉस हा शब्द लॅटिनमध्ये गाय आणि बैल दोघांनाही चालतो, पण शास्त्रीय नावात त्याचे लिंग पुरुषी ठरले; म्हणून दुभती गायही इंडिकस. त्याच्या खाली आपली दोन नावे येतात : नांदेड जिल्ह्यातल्या कंधारवरून लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून देवणी. आता देवणी गोवंश हा गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून घडला असे पशुवैज्ञानिक मानतात; म्हणजे ‘देवणी’ हे विशेषण रक्त कुठले हे सांगत नाही, तो गोवंश कोणत्या गावाभोवती सांभाळला, ओळखला आणि विकला गेला ते सांगते. वानेरा, बालंक्या, शेवरा हे त्यातले रंगाचे प्रकार देवणीबाहेरही भरपूर. लाल कंधारीही कंधारात थोडीच थांबते. मुखेड, बिलोली, लोहा आणि लातूरकडच्या अहमदपूरपर्यंत ती पसरलेली. याहून बोलके उदाहरण उस्मानाबादी शेळीचे. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला, पण लातुरातली शेळी उस्मानाबादीच राहिली. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, तरी जातीचे नाव उस्मानाबादीच. निजामाच्या नावावरून आलेले नाव गावाने सोडले आणि शेळीने ठेवले. यात कुणाचे अज्ञान नाही. नावाने ओळख टिकवायची असते, आणि ओळख टिकते ती पहिली नोंद जिथे झाली त्या शब्दाने.

मग चुकीची नावे दुरुस्त का करू नयेत, हा पुढचा प्रश्न रास्त आहे आणि तो सहज झटकण्यासारखा नाही. चिंचेला ‘आफ्रिकाना’ आणि तुरीला ‘इंडिकस’ केले तर काय बिघडते? वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे म्हणणे स्पष्ट आहे : नाव गैरलागू आहे किंवा आवडत नाही एवढ्या कारणाने ते बदलता येत नाही. म्हणून भूमध्य समुद्राकाठची एक फुलझाडाची जात ‘पेरुव्हियाना’ म्हणून पेरू देशाच्या नावावर कायमची बसली आहे. पण संहिता अगदीच दगडी नाही. जुलै २०२४ मध्ये माद्रिदला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या वेळी ‘काफ्रा’ या, आफ्रिकी लोकांसाठीच्या अपमानास्पद शब्दावरून आलेल्या, विशेषणाची दोनशेहून अधिक नावांतली रूपे ‘आफ्रा’ अशी करण्याचे ठरले. म्हणजे अपमान हे कारण मान्य झाले. अचूकता हे कारण अजूनही मान्य नाही, आणि माझ्या मते ते होऊही नये. विशेषण खरे करायला लागलो की ते किती वेळा खरे करायचे? मूळ स्थानाविषयीचे मत दर पिढीत बदलते. वाटेची नोंद मात्र एकदा झाली की बदलत नाही. १७५३ मध्ये चिंच युरोपला कुणाकडून पोचली हे आजही तितकेच खरे आहे. ‘टॅमरिंडस’ पुसून टाकले तर अरबांचा व्यापार पुसला जातो, ‘कजान’ पुसले तर मलायी समुद्र. तुरीवर अन्याय झाला असे कुणाला वाटले तर वाटो. निदान मलायी जहाजांवर तिची सोबत होती हे तिच्या नावातून कळते, आणि ही गोष्ट ‘इंडिकस’ने सांगितली नसती.

मग लॅटिन हवेच कशाला, मराठी नावे पुरेत, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. फक्त एक अडचण दाखवतो. पेटारी, मुद्रा, करंडी ही एकाच झुडपाची नावे, आणि मुद्रा हे नाव आणखी कशाकशाला लावतात. किनवटच्या रानात तेलुगू, गोंडी आणि मराठी अशा तीन भाषांत झाड बोलावले जाते. कुकने १९०१ ते १९०८ दरम्यान मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश केला. त्यात नांदेड-लातूर नव्हते, कारण हा मुलूख निजामाचा होता. मराठवाड्यासाठी व्ही. एन. नाईक यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ मध्ये आला, आणि त्यात दिलेल्या लॅटिन नावामुळेच कुकच्या पुण्यातले अनंतमूळ आणि नाईकांचे मराठवाड्यातले अनंतमूळ एकच आहे हे ठरवता येते. पुढील प्रकरणांत झाडे, पिके आणि जनावरे या विशेषणाच्या रूपांप्रमाणे घेतली आहेत : आधी इंडिका, कारण ती संख्येने जास्त, मग इंडिकम, आणि शेवटी इंडिकस. भाताचे ‘इंडिका’ आणि ‘जॅपोनिका’ हे १९२८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ काटो यांनी पाडलेले भाग मात्र वेगळे काढून शेवटच्या प्रकरणात घातले आहेत, कारण तिथे विशेषण देणारा युरोपीय नाही, आणि त्याच्या दृष्टीने ‘इंडिका’ म्हणजे जे जपानी नाही ते.